पांढरी पाच न काळी चारच्या मंधात

सध्या हातात दोन कामं आहेत. एक माझा स्वतःचा अल्बम, खंजिरी न एकतारीवरचा, पैसे आले की पुढं सरकतो न संपले की थांबतो, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. दुसरं एका मित्राच्या फिल्मचं बॅकग्राउंड म्युझिक. फिल्म आमच्याच आर्वी तालुक्यात शूट झाली, कापूसवाल्या घराची गोष्ट, कलाकार बहुतेक गावातलेच, बजेट विचारू नका.

त्यात एक सीन आहे. आजी अंगणात जात्यावर तुरीची डाळ भरडून राहिली न भरडता भरडता ओवी उचलते. स्क्रिप्टमध्ये ओवी नव्हतीच. तिला वाटलं शूटिंग संपलं, कॅमेरा चालूच होता, न ती गायला लागली, लेकीची ओवी, मधातच कापसाचा भाव घुसवला तिनं आपल्या मनानं. डायरेक्टर खूश. पण अंगणाच्या कुंपणाला लागूनच डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, त्यामुळं पूर्ण टेकमध्ये घूंऽऽ. मला निरोप आला, हम (ते घूंऽऽ) साफ करून दे न खाली छान बासरी टाक. (गाव दिसलं की बासरी, हा नियम कोणी काढला त्याला एकदा भेटायचं आहे.)

परवा सकाळी लाईन यायच्या आधीच लॅपटॉप घेऊन बसलो. हेडफोन लावला, ॲनालायझर उघडला, कोणता सूर किती हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला किती थरथरतो, ते स्क्रीनवर दाखवणारा. केबलचा हम असता तर ५० हर्ट्झवर दिसला असता, इथं ५० वर जवळपास काहीच नाही, सगळं १००, २००, ३०० वर. म्हणजे डीपीच. करंट सेकंदाला ५० फेऱ्या मारतो, एका फेरीत आतलं लोखंड दोनदा ताणतं न दोनदा ढिलं होतं, म्हणून घुमणं १०० चं. आणि हा सूर काही आमच्या गावचा खास नाही बरं, ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईननं दक्षिणेचं विजेचं ग्रीड बाकी देशाला जोडलं तेव्हापासून सगळ्या देशाचं ग्रीड एकाच चालीत चालतं, त्यामुळं आर्वीची डीपी न कोचीची डीपी एकाच पट्टीत गातात. आपल्याकडं बाकी कशावर एकमत नाही, पण यावर आहे.

आता हम काढायचा म्हणजे १००, २००, ३०० वर बारीक कात्री चालवायची, रोजचं काम आहे. चालवली. हम गेला, पण आजीही गेली. आवाज पोकळ, जसा काही पिंपात बसून गाऊन राहिली. कात्री काढली, परत पाहिलं. स्क्रीनवर हमच्या रेघा सरळ, न तिच्या आवाजाची रेघ वरखाली नागमोडी, पण दर ओळ संपली की ती नागमोडी रेघ येते न २०० च्या रेघेवर बसते. दर वेळी. एकदाही चुकत नाही. तिचा सा म्हणजे डीपीचा सा.

मला राहवलं नाही, गाडी काढली न तिच्या घरी गेलो. तेवढ्यात लाईन गेलेली, डीपी चूप. म्हटलं आजी तीच ओवी म्हणा जराशी. तिनं म्हटली, मोबाईलवर टिपून घेतली, सूर चांगलाच खाली. तासाभरानं लाईन आली, डीपी घुमायला लागली, पुन्हा म्हणवली, आली बाई २०० वर. मी सांगितलं तर ती हसली. "मले का माईत बापा, ते तं वाजतच रायते."

मग बासरी कॅन्सल. ठरवलं की हम ठेवायचा, त्यालाच तंबोरा धरायचा न वर पेटी न एकतारी. एकतारीला काही त्रास नाही, खुंटी पिळली की झालं. भानगड पेटीची. भजन मंडळाचे पेटीमास्तर संध्याकाळी आले, आजीची ओवी ऐकली, सा दाबून पाहिला, कपाळाला आठ्या.

"बाई बेसूर आहे गा."

"कोणत्या पट्टीत बेसूर, मास्तर?"

मास्तरांनी पेटीची पांढरी पाच दाबली, मग तिला लागूनच वरची काळी चार, मग परत पांढरी पाच. "मंधात आहे. मंधात काय पट्टी असते? पेटी फोडू का मी?"

खरं होतं त्यांचं. खालची पांढरी पाच म्हणजे ९८ हर्ट्झ, डीपी १००, फरक ३५ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात), म्हणजे शेजारच्या स्वरापर्यंतच्या वाटेचा तिसरा हिस्सा न वर थोडं. दोन्ही सोबत वाजवलं की वांव-वांव सुरू. गळा सरकतो, पेटीच्या पट्ट्या सरकत नाहीत, याच असल्या रागानं तर आकाशवाणीनं १९४० ला पेटीवर बंदी घातली होती, १९७१ पर्यंत चालली ती.

उपाय सोपा निघाला. मास्तरांची पेटी सूर मोजायच्या ॲपवर सात सेंट चढीच होती, राहिले २८. तेवढा आजीचा अख्खा टेक, डीपीसकट, खाली उतरवला न मास्तरांच्या हेडफोनमध्ये दिला. त्यांनी पांढरी पाच दाबली, वांव-वांव गायब. मान हलली. "आता बाई सुरात आली." मी काही बोललो नाही, रेकॉर्ड दाबलं. दुसऱ्या टेकमध्ये तर त्यांनी दोन ओळींच्या मधात भाता असा दाबून धरला, बोटं उचललीच नाहीत, न तो लांबलेला सा हममध्ये विरघळून गेला. रात्री पेटी न एकतारी २८ सेंट वर चढवली, आजीला तिच्या जागेवर परत बसवलं न डायरेक्टरला पाठवून दिलं.

त्याचा रिप्लाय आला, "भारी झालं, पण हम कुठं गेला?" हम जिथल्या तिथंच होता, उलट मी त्याचा आवाज दोन डीबी (डेसिबल) वाढवला होता. आता मिक्सिंगवाल्याला फाईल जाईल तेव्हा तो पहिले हमच कापेल म्हणून फाईलच्या नावातच लिहून टाकलं, डीपीला हात लावू नये. पैशाचं अजून काही बोलणं नाही, न पुढचा सीन जिनिंगमधला, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातला आहे.