माळावर गळाची काठी

"काय ओ, मासं धराय आलासा काय हितं?"

जांबोटीच्या अलीकडचा माळ. जानेवारीतला शनिवार, सकाळचे आठ. विचारणारे काका दोन म्हशी हाकत चालले होते आणि त्यांची काही चूक नव्हती. माझ्या हातात गळाचीच काठी होती. फायबरची, एकात एक सरकणारी, ओढली की सात मीटर होते. शेंड्याला वायर अडकवायची, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तिरकी सोडून खुंट्यांना बांधायची, की चाळीस मीटर बँडची, म्हणजे तेवढ्या लांबीच्या रेडिओलहरींची, अँटेना तयार.

"रेडिओ हाय काका, बोलायचा."

"मग घरात बसून बोलाय येत न्हाई व्हय?"

हाच प्रश्न माझी बायको विचारते, फक्त एवढ्या गोडीनं नाही.

घर म्हणजे बेळगावातलं वडगाव. खाली माझं मोटर वाइंडिंगचं दुकान, वर आम्ही, चारी बाजूंना यंत्रमाग. मागांचे स्टार्टर, एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, सगळ्यांची मिळून सेटमध्ये अशी खरखर येते की सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा काटा एस ९ वर चिकटून बसतो. बारीक आवाजाचा माणूस तिच्याखाली गाडला जातो. लाईट गेली की बँड एकदम देवळासारखा शांत. पण सेटही त्याच लाईटवर, त्यामुळं शांतता ऐकायलाही कुणी नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर इकडं कुणी विसरलेलं नाही. कोल्हापूरकडचा हायवे पाण्याखाली, बहीण सांगलीत, तिचा फोन दोन दिवस लागेना. माझं हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचं, लायसन्स भिंतीवर फ्रेममध्ये, सेट टेबलावर, बॅटरी ठार. माझ्या हाकेनं निरोप पोचलाच असता असं नाही, पलीकडं कुणीतरी ऐकत बसलेला लागतो. पण हाक मारायचीही सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "तुझा तो रेडिओ काय करालाय रे?" मी विषय बदलला.

तेव्हापासून माळ.

अमेरिकेतल्या हॅम लोकांना ही अक्कल आमच्या आधी बरीच सुचली होती. त्यांच्या एआरआरएल संस्थेनं १९३३ पासून 'फील्ड डे' सुरू केला: जूनचा चौथा शनिवार-रविवार, सामान घेऊन बाहेर पडायचं आणि जमेल तेवढ्यांशी बोलायचं. पॉइंट मोजतात, निकाल छापतात, पण ढाल नाही, कप नाही. पॉइंट कशाचे देतात ते बघण्यासारखं आहे. बॅटरीवर पाच वॉट किंवा त्याहून कमी ताकदीनं बोललात तर गुणाकार पाचनं. लोकांना दिसेल अशा जागी बसलात तर बोनस. निवडून आलेला लोकप्रतिनिधी भेटायला आला तर १०० पॉइंट. (आमच्याकडं नगरसेवक आले तर शाल, नारळ, फोटो आणि चार शब्द यातच बँड बंद व्हायचा.) मोठ्या सेटवाल्यानं जिंकावं म्हणून हे नियम केलेलेच नाहीत. तुम्ही घराबाहेर पडावं, म्हणून दाखवलेलं ते गाजर आहे.

आपल्याला त्यात प्रवेशिका पाठवता येत नाही. त्यांनी आपल्याशी बोललं तर त्यांनाच पॉइंट. आणि जूनअखेरीला जांबोटीत माइक धरायचा की छत्री? म्हणून आम्ही तिघं-चौघं जानेवारीत जातो. आमच्या पॉइंटांचा हिशेब आमच्याच वहीत.

पहिल्या वर्षी सगळं नेलं आणि कोॲक्सचा, म्हणजे अँटेनाच्या केबलचा, कनेक्टर टेबलावर राहिला. चिरमुऱ्यांची पिशवी मात्र आठवणीनं घेतली होती. शेवटी केबलचं टोक पानसुरीनं सोललं, मधली तार सॉकेटात खुपसली, जाळी बाहेरून गुंडाळून बाइंडिंग वायरनं आवळली. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून ताकद किती परत फिरते त्याचं माप, तीनच्या खाली येईना. दिवसभरात सहा संपर्क झाले, पण ते सहाही मला पाठ आहेत. आता डब्यात तीन कनेक्टर असतात आणि बॅटरी दर रविवारी चार्ज होते.

आणखी एक गंमत. हॅम लोक ठिकाण सांगताना पृथ्वीवरचे चौकोन वापरतात, दोन अंश रेखांश आणि एक अंश अक्षांशाचे. बेळगाव, महाराष्ट्रातलं चंदगड आणि धारवाड तिन्ही 'एमके ७५' मध्ये बसतात. कर्नाटकातली निपाणी आणि कोल्हापूर 'एमके ७६' मध्ये. सीमेवर एवढी वर्षं भांडणारे आम्ही, आणि नकाशावर रेघ ओढणाऱ्यानं आमची जराही दखल घेतलेली नाही. वाईट वाटायला हवं होतं, पण मला हसू येतं.

काका दहा वाजता परत आले, म्हशी ओढ्यात सोडून. माळावर खरखर एस १ ला असते, त्यामुळं सावंतवाडीचे एक जण पाच वॉटवर असूनही शेजारी बसल्यासारखे ऐकू येत होते. मी हेडफोन काकांच्या कानाला लावला. बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. लायसन्स नसलेल्याला माइक देता येत नाही, ते सांगितलं.

"तुम्हीच इचारा की मग, तिकडं काजूला मोहोर आलाय काय?"

विचारलं. आलाय, पण धुक्यानं बराच करपलाय, असं उत्तर आलं. काकांनी मान हलवली, "हितं बी तेच." लॉगमध्ये वेळ, फ्रिक्वेन्सी, सिग्नल लिहिला आणि शेरा द्यायच्या रकान्यात लिहिलं: मोहोर करपलाय, दोन्हीकडं.