पहिली जपानी तलवार: सकाळी रियोगोकू, दुपारी गिन्झा

टोकियोत जुनी तलवार घ्यायची तर सकाळी दुकानं गाठू नका, रियोगोकूचं तलवार संग्रहालय गाठा. निशी-कासाईच्या मराठी मंडळींनी तोझाई लाइनने मोन्झेन-नाकाचोला उतरून ओएदो लाइन पकडावी. संग्रहालय सोमवारी बंद असतं. आत पात्यासमोर गुडघे वाकवून थोडं खालीवर व्हा. दिवा बरोबर कोनात आला की पाणी दिलेल्या धारेची पांढुरकी रेघ, म्हणजे हामोन, उजळते. ती टोकातून वळून कशी अखंड जाते ते नीट बघून ठेवा.

दुपारी गिन्झातल्या तलवारींच्या दुकानांत गेल्यावर काताना (लांब तलवार) नको, वाकिझाशी (आखूड तलवार) मागा. लांबी ३०.३ ते ६०.६ सेंमी. एदो काळातली, नाव न कोरलेली, साध्या लाकडी म्यानातली (शिरासाया) वाकिझाशी साधारण एक ते तीन लाख येनांत मिळते. स्वस्तात मोठ्या लोहाराचं नाव दिसलं तर सावध व्हा, खोटी नावं कोरण्याचा धंदा फार जुना आहे. रियोगोकूचं संग्रहालय चालवणारी संस्थाच 'होझोन', म्हणजे पातं अस्सल असल्याचा, दाखला देते. तो असलेलं पातं घ्या. १९८२ पूर्वीच्या 'किचो' दाखल्यांवर मात्र बाजारात फारसा विश्वास नाही.

पातं हाती घेताना धार वर, पाठ म्यानावर टेकलेली, आणि पात्यावर बोलणं बंद: थुंकीने गंज धरतो, बोटांच्या घामानेही. मुठीतला भाग बघायचा असेल तर दुकानदाराला सांगा. तो बांबूची खुंटी (मेकुगी) काढतो, डाव्या हातात मूठ उभी धरून उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलकेच ठोकतो, की पातं सैल होतं. आखूड पातं उसळून बाहेर येतं, म्हणून ठोका अगदी हलका. आतल्या शेपटावरचा काळपट गंज हा वयाचा पुरावा, तो घासलेला असेल तर पैसे परत खिशात.

आता उघड्या बल्बखाली हामोन शोधा (ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात तो लपतो). धारेपासून काटकोनात वर गेलेली केसासारखी चीर, हागिरे, दिसली की विषय संपला. टोकात हामोन नाहीसा झाला असेल तर पातं घासून थकलंय. पृष्ठभागावरचे बारीक फोड, जोडरेषा या किमतीत चालतात. गंजकं स्वस्त पातं घेऊन पॉलिश करू म्हणाल तर हिशोब करा: तीन सेंमीच्या एका 'सुन'ला दहा हजार येनांच्या पुढे, म्हणजे दीड शाकूच्या (१५ सुन) वाकिझाशीला दीड लाखाहून जास्त.

तोरोकुशो, म्हणजे नोंदणीपत्र, तलवारीसोबत हवंच. त्यावरची लांबी, वाक आणि खुंटीच्या भोकांची संख्या पात्याशी ताडून बघा. जपानात राहत असाल तर मालक बदलल्याची सूचना २० दिवसांत नोंदणीपत्र देणाऱ्या प्रांताच्या शिक्षण मंडळाला द्यावी लागते. देशाबाहेर न्यायची तर सांस्कृतिक खात्याचा निर्यात दाखला लागतो. काम दुकानदार करतो, पण काही आठवडे जातात, त्यामुळे आठवड्याच्या सहलीत तलवार बॅगेत येत नाही. भारतात तर ९ इंचांहून लांब पातं १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्यात बसतं, म्हणून आयातीचा परवाना हातात आल्याशिवाय दुकानदाराला पत्ता देऊ नका.