निविदा उघडण्यापूर्वीचे कागद

नगरपालिकेच्या एखाद्या मोठ्या कामाची निविदा उघडली जाते, त्या दिवशी सगळ्यांचे लक्ष एकाच तक्त्याकडे असते. कोणाचा दर किती, न्यूनतम कोण ठरले, अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त, एवढे कळले की पारदर्शकतेचे समाधान होते आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच बातमी छापून येते. अशा कामांच्या फाइली तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि त्या दिवशी फारसे काही ठरतच नाही, असे माझे मत होऊन बसले आहे. बरेचसे त्याआधी परिमाणपत्रकात ठरून गेलेले असते आणि उरलेले नंतर मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या वहीत, ठरते.

परिमाणपत्रक म्हणजे कामाच्या प्रत्येक बाबीची यादी : खोदाई किती घनमीटर, नळ किती मीटर, काँक्रीट किती. ठेकेदार प्रत्येक बाबीला आपला दर भरतो, गुणाकारांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी त्याला काम मिळते. मात्र देयक निघते ते प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या मोजमापावर, यादीतल्या आकड्यावर नव्हे. सगळी गोम या फरकात आहे.

समजा, यादीत मातीतील खोदाई १००० घनमीटर आणि कठीण खडकातील खोदाई ५० घनमीटर लिहिली आहे. पहिल्या ठेकेदाराने मातीला १० आणि खडकाला ४० असा दर भरला. त्याची बेरीज १२,००० होते. दुसऱ्याने मातीला ८ आणि खडकाला ७० भरला. त्याची बेरीज ११,५०० येते आणि काम त्याला मिळते. आता जमीन खणल्यावर माती ७०० आणि खडक ३५० घनमीटर निघाला, तर पहिल्याचे देयक २१,००० झाले असते, दुसऱ्याचे ३०,१०० होते. कागदावर ५०० ने स्वस्त असलेला माणूस खड्ड्यात उतरल्यावर ९,१०० ने महाग पडतो, आणि यात कोणताही नियम मोडलेला नसतो.

दुसऱ्या ठेकेदाराला लबाड म्हणण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्याने बहुधा शेजारच्या रस्त्यावर पूर्वी काम केलेले असते आणि खडक कुठे लागतो हे त्याला ठाऊक असते. ठाऊक नसते ते नगरपालिकेला, कारण अंदाजपत्रक करण्याआधी चार-सहा चाचणी खड्डे घेण्याचा खर्च आणि पंधरवडा तिने वाचवलेला असतो. एका नगरपालिकेच्या फाइलमध्ये मी लागोपाठच्या तीन कामांची अंदाजपत्रके पाहिली. तिन्ही रस्ते वेगळे, उंचसखलपणा वेगळा, पण कठीण खडक तिन्हींत नेमका ५० घनमीटर. तिसऱ्या अंदाजपत्रकाच्या मथळ्यात तर दुसऱ्याच रस्त्याचे नाव राहून गेले होते.

यावर करारात उपाय आहेत. सल्लागार अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ म्हणजे फिडिक. त्याच्या १९९९ च्या बांधकाम करारनमुन्यात एखाद्या बाबीचे परिमाण १० टक्क्यांहून अधिक बदलले तर, आणखी काही अटी पूर्ण होत असल्यास, त्या बाबीचा दर नव्याने ठरवण्याची तरतूद आहे. पण ही तरतूद करारात असूनही ती वापरण्याची तसदी कोणी घेत नाही, कारण तोवर काम अर्ध्यावर आलेले असते, रस्ता खणलेला असतो आणि वाद घालायला कोणाकडेच वेळ नसतो.

न्यूनतम दराबद्दलची आपली श्रद्धाही तपासून पाहण्यासारखी आहे. १९७१ मध्ये तीन पेट्रोलियम अभियंत्यांनी तेलक्षेत्रांच्या लिलावांविषयी लिहिताना दाखवून दिले की, तेल किती असेल याचा अंदाज सगळेच बांधत असले तरी लिलाव जिंकतो तो बहुधा ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो तो. त्याला पुढे ‘विजेत्याचा शाप’ म्हटले जाऊ लागले. बांधकामाच्या निविदेत हेच उलट्या बाजूने घडते : खर्चाचा अंदाज ज्याने सर्वांत कमी धरला तो न्यूनतम ठरतो, आणि चूक उमगली की साहित्यात काटकसर, मुदतवाढीचे अर्ज, जादा बाबींच्या मागण्या किंवा सरळ काम सोडून जाणे, यांपैकी काहीतरी सुरू होते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या सार्वजनिक खरेदी निर्देशात असाधारण कमी वाटणाऱ्या दराचे स्पष्टीकरण मागणे यासाठीच बंधनकारक केले आहे. दर कमी आहे म्हणून निविदा परस्पर फेटाळायची नाही आणि न विचारता स्वीकारायचीही नाही.

इटलीने वेगळी युक्ती करून पाहिली. सार्वजनिक कामांत तिथे बरीच वर्षे अशी पद्धत वापरली गेली की, सर्वांत कमी दराऐवजी सर्व दरांवरून काढलेल्या सरासरीच्या आसपास येणारा दर जिंकत असे. फार कमी दर भरणाऱ्यांना आळा बसावा हा हेतू, पण कंपन्यांनी लवकरच ओळखले की मित्रमंडळींकडून बऱ्याच निविदा भरवल्या तर सरासरीच आपल्याकडे ओढता येते. नियमाची पळवाट नियम करणाऱ्याच्या आधी निविदा भरणाऱ्याला सापडते, हे मला तरी नवे वाटले नाही.

संगनमत कोणत्याही पद्धतीत शिरते आणि ते एका निविदेत दिसत नाही, दहा निविदा शेजारी ठेवल्या की दिसते. कॅनडातील क्युबेक प्रांतात २०११ मध्ये नेमलेल्या शार्बनो आयोगापुढे माँट्रियलच्या गटारांच्या आणि पदपथांच्या कामांत ठेकेदारांनी कामे आपसांत कशी वाटून घेतली याच्या साक्षी झाल्या. आयोगाचा अहवाल २०१५ मध्ये आला. खुणा जगभर जवळपास त्याच असतात. त्याच चार नावांपैकी प्रत्येकाला आळीपाळीने काम मिळते, हरलेला पुढे त्याच कामावर उपठेकेदार म्हणून दिसतो, आणि दोन स्पर्धकांच्या कागदांत शुद्धलेखनाची चूकही एकाच शब्दात असते. तुलनात्मक तक्ता मात्र नियमानुसार तीन निविदा आल्याचे सांगून मोकळा होतो.

कामाचा दर्जा अखेर जमिनीखाली काय गाडले जाते यावर असतो, आणि ते पाहायला मिळण्याची वेळ फार थोडी असते. लंडनमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने संसदेत बसणे कठीण झाल्यावर अभियंता जोसेफ बॅझलजेट यांच्या भूमिगत गटारांच्या योजनेला वेग मिळाला. त्या कामात वापरलेले पोर्टलँड सिमेंट तेव्हा बेभरवशाचे मानले जाई. म्हणून त्यांच्या कार्यालयाने आलेल्या मालाचे नमुने ताणून तपासण्याची शिस्त घातली आणि कसोटीला न उतरलेला माल नाकारला. ही तपासणी खड्डा उघडा असतानाच करावी लागते. नळाखालची वाळू, सांध्याची घट्टपणे बसलेली रबरी कडी, भरावाचे थर, यांचे मोजमाप पुस्तिकेत त्या दिवशी लिहिले तर ते मोजमाप. महिन्याने कार्यालयात बसून लिहिले तर ते नुसते हस्ताक्षर.

नियोजनाचे दुखणेही याच कागदांतून वर येते. रस्त्याचा निधी एका शीर्षाखाली, पाणीपुरवठ्याचा दुसऱ्या, मलनिःसारणाचा तिसऱ्या. ज्याचा निधी आर्थिक वर्ष संपण्याआधी खर्ची पडायला हवा ते काम आधी निघते. म्हणून डांबरीकरण आधी आणि जलवाहिनी नंतर, आणि खणलेली पट्टी पूर्वीइतकी घट्ट कधीच बसत नाही.

करार पुढच्या पिढीच्या नियोजनाचेही हात बांधतो. शिकागो शहराने २००८ मध्ये रस्त्यावर गाडी लावण्याचे पैसे घेणारे आपले वाहनतळ मीटर सुमारे १.१५ अब्ज डॉलर्सना ७५ वर्षांसाठी खासगी कंपनीकडे दिले, आणि नगरसभेने प्रस्ताव जाहीर झाल्यावर काही दिवसांतच मंजुरी दिली. शहराच्या महानिरीक्षकांनी २००९ मध्ये ही रक्कम प्रत्यक्ष मूल्यापेक्षा फार कमी असल्याचे म्हटले. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते करारातले एक कलम : रस्त्यावरचे मीटर बंद ठेवावे लागले किंवा काढले, तर ठरावीक मर्यादेपलीकडे भरपाई शहराने द्यायची. म्हणजे बसमार्गिका आखायची असो की सायकलमार्गिका, नियोजन विभागाला आधी त्या कराराचा हिशेब करावा लागतो.

त्या तिसऱ्या अंदाजपत्रकावर मी टिपणी लिहिली होती की मथळ्यातील रस्त्याचे नाव तपासावे आणि खडकाच्या परिमाणाला आधार म्हणून चाचणी खड्ड्यांचे निकाल जोडावेत. फाइल दहा दिवसांनी परत आली. मथळा दुरुस्त केलेला होता. खडक ५० घनमीटरच होता.