सहा तासांत दीड किलोमीटर: गौताळ्यात छत्र्या शोधताना

श्रावणात गौताळ्याला चाललो म्हटलं की समोरचा पहिलं विचारतो, ‘धबधब्याला पाणी आहे का?’ आम्ही मामा-भाचे गेलो होतो कुत्र्याच्या छत्र्यांचे, म्हणजे पावसाळी अळंब्यांचे, फोटो काढायला, आणि धबधबा न बघताच परत आलो. दिवसभरात चंदन नाल्याच्या कडेकडेने जेमतेम दीड किलोमीटर झालं असेल, आणि त्यातलं बरंचसं गुडघ्यांवर.

संभाजीनगरहून पहाटे निघालो. कन्नड साधारण 60 किलोमीटर, तिथे चहा. गाडीत एसी लावू नका. गार पडलेला कॅमेरा जंगलातल्या दमट हवेत काढला की काचेवर वाफ धरते आणि पुसली तरी पुन्हा येते. आमची सकाळच्या उजेडाची वीस मिनिटं अशीच गेली.

1986 मध्ये अभयारण्य झालेलं हे 260 चौरस किलोमीटरचं जंगल पानझडी आहे. उन्हाळ्यात पार वाळून जातं, त्यामुळे छत्र्यांना वेळ थोडा मिळतो. धो-धो पावसात जाऊ नका. दोन-तीन दिवस भिजपाऊस होऊन एक दिवस उघडीप पडली की निघा. शनिवार-रविवार टाळा. चौकीवर नाव नोंदवा आणि गावातलं कुणी सोबत घ्या. बिबट्या आहे, अस्वल आहे, आणि पाचोळ्यात फुरसं दिसत नाही.

आमच्याबरोबरचे काका सुरुवातीला हसतच होते. “कुत्र्याच्या छत्रीचे फोटो काढायला एवढ्या लांबून आलाव?” मग स्वतःच म्हणाले, “काल वारुळावर मोकार होत्या. आज गावल्या तर बघू.”

गावल्या, तीन. वाळवी वारुळाच्या पोटात बुरशीची शेती करते, आणि पावसाळ्यात त्याच शेतीतून या छत्र्या वर येतात. दोन अजून मिटलेल्या होत्या, बोटाएवढ्या. तिसरी उघडलेली: मधोमध तपकिरी टोकदार उंचवटा (याच टोकाने ती कडक माती फोडते), कडा चार ठिकाणी चिरलेली, आणि चिरेतून आतले पांढरे पडदे पोथीच्या पानांसारखे. दांडा जमिनीवर वीतभरही नव्हता, पण खाली तो मुळासारखा थेट वाळवीच्या मळ्यापर्यंत गेलेला असतो. काकांच्या तोंडाला पाणी सुटलं, पण तोडली कुणीच नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यातून काही उचलता येत नाही.

फोटोसाठी तिपाईपेक्षा ज्वारी भरलेली पिशवी बरी. बहिणीने जुन्या लुगड्याची शिवून दिली होती. ती जमिनीवर टाकायची, तिच्यावर कॅमेरा रुतवायचा, अॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ 8, दोन सेकंदांचा टायमर. दाढीचा छोटा आरसा छत्रीखाली सरकवला की मान न मोडता पडदे दिसतात. ऊन आलंच तर वर आपली नेहमीची, पांढऱ्या कापडाची छत्री धरा. पिशवीला प्लास्टिकचं आवरण मात्र घाला. आमच्या ज्वारीला तिसऱ्या दिवशी मोड आले.

वारूळ नशिबात नसलं तरी पडलेली लाकडं असतातच. वाळक्या फांदीवर नखाएवढे राखाडी, लवदार पंखे दिसले तर उलट बाजू बघा. प्रत्येक पडदा मधोमध चिरलेला असतो. पाऊस गेला की हे पंखे आखडून बसतात, सर आली की पुन्हा उघडतात, म्हणून हे कधीही सापडतात. भाच्याची नजर बारीक. त्याने कुजक्या काडीवर पक्ष्याच्या घरट्यासारख्या, बोटाच्या पेरात मावतील अशा वाट्या शोधल्या. आत मोहरीएवढ्या चपट्या गोळ्या, त्यांतच बीजाणू. पावसाचा थेंब नेमका वाटीत पडला की गोळ्या बाहेर उडतात.

दिसलं की तेव्हाच टिपा. शेणावर उगवलेल्या करड्या नाजूक टोप्या ‘जेवून येऊ’ म्हणून सोडल्या. भाकरी-ठेचा उरकून आलो तर टोप्या विरघळून त्यांची काळी शाई झालेली.

खाण्याच्या भानगडीत फोटोवरून पडू नका. गवतात एक मोठी, पांढरी, देखणी छत्री येते, शहरातल्या लॉनवरसुद्धा. पिकल्यावर तिचे पडदे हिरवट होतात. खाल्ली की उलट्या-जुलाबाने माणूस आडवा. छत्री लागून चांदी काळी पडली तरच ती विषारी, ही परीक्षा साफ खोटी आहे.

अडीचच्या सुमाराला डोक्यावर स्वच्छ ऊन होतं. मी पोटावर पडून एका लाकडावरचे कानासारखे तपकिरी लिबलिबीत तुकडे टिपत होतो. काका एकदम म्हणाले, “उठा. पाणी गढूळ झालंय.” मला फरक कळलाही नव्हता. वर कुठेतरी पाऊस कोसळला होता, आणि काळ्या कातळावरून पाणी मुरत नाही, पळतं. सामान गोळा करून काठ चढलो, तोवर ते लाकूड हलायला लागलं होतं. पाच मिनिटांनी ते जागेवर नव्हतं. आरसाही तिथेच राहिला.