क्योटोचा वसंत : वरच्या दाईगोला निघण्याआधी हे वाचा

वरचं दाईगो, म्हणजे क्योटोच्या दाईगो-जी मंदिराचा डोंगरावरचा भाग, ही काही फुलं बघत रमतगमत करायची फेरी नव्हे. तो सरळसरळ डोंगर आहे. हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी आम्हाला नेमकं उलटं सांगितलं आणि त्या एका वाक्यापायी आमच्या सहलीतला सगळ्यात महत्त्वाचा दिवस गेला.

आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि माझी मोठी बहीण. ताई अठ्ठावन्न वर्षांची आहे. पुण्यात रोज सकाळी पर्वती चढते, त्यामुळे तिच्या दमसासाची काळजी नव्हती. सगळी आखणी केली होती ती एका रविवारभोवती. क्योटोच्या आग्नेय कडेला दाईगो-जी हे ८७४ साली स्थापन झालेलं मंदिर आहे. १५९८ च्या वसंतात जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने इथे सातशेच्या आसपास चेरीची झाडं आणून लावली आणि सुमारे तेराशे पाहुणे बोलावून फुलांचा सोहळा केला. त्याच वर्षी तो वारला. त्या सोहळ्याची आठवण म्हणून दर वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी जुन्या पोशाखातली मिरवणूक निघते. रजा, विमानाची तिकिटं, मुक्काम, सगळं त्या तारखेला बांधून ठेवलं.

पहिली चूक इथेच झाली. मिरवणुकीची तारीख ठरलेली असते, पण झाडांची नसते. दाईगो-जीचं नाव आहे ते खाली झुकणाऱ्या फांद्यांच्या चेरीसाठी, आणि ही जात इतरांच्या आधी फुलते, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. दुसऱ्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा त्या मोठ्या झाडांवर कोवळी हिरवी पानं होती आणि खाली वाळूत करड्या पडलेल्या पाकळ्या. दुहेरी पाकळ्यांची उशिरा फुलणारी काही झाडं बहरात होती, ती सुंदरच होती. पण फोटोत बघून ज्यासाठी गेलो होतो ते दृश्य संपलं होतं. क्योटोत चेरी पूर्ण फुलल्याच्या नोंदी बाराशे वर्षांमागच्या मिळतात. २०२१ मध्ये बहर २६ मार्चलाच आला, तोवरच्या सगळ्या नोंदींतला सर्वात लवकरचा. म्हणजे एप्रिलचा मध्य हा आता ‘चेरीचा मोसम’ धरून चालूच नका. मिरवणूक हवी असेल तर मिरवणुकीसाठी जा. झुकलेली चेरी हवी असेल तर मार्चअखेर जा. दोन्ही एका दिवसात साधायचं म्हटलं तर बहुतेक वर्षी एक हुकणारच.

आता तो डोंगर.

आदल्या रात्री आमच्या मुक्कामी काउंटरवरच्या माणसाने नकाशावर बोट ठेवून सांगितलं, ‘‘सकाळी वरच्या दाईगोला जाऊन या, तासाभराची सोपी वाट आहे, वर फुलं आहेत, दुपारच्या मिरवणुकीला आरामात खाली याल.’’ त्याने आपुलकीने सांगितलं असेल, पण तो स्वतः कधी वर गेला असेल असं मला आता वाटत नाही. तासभर लागतो तो नुसता चढायला, तोही चालायची सवय असणाऱ्याला.

खालच्या आवारात मागे चालत गेलं की न्योनिन-दो लागतं, म्हणजे बायकांचं देऊळ. पूर्वी बायकांना याच्या पुढे डोंगरावर जायची मनाई होती. त्यांनी इथूनच हात जोडायचे आणि परत फिरायचं. मी आणि ताई तिथे क्षणभर थांबलो. वर जाण्याचे माणशी ६०० येन वेगळे भरावे लागतात. खालची सांबो-इनची बाग, मुख्य आवार आणि संग्रहालयाकडची बाग यांचं वसंतातलं तिकीट १५०० येन. दोन्ही धरून माणशी २१०० होतात, हे मनात धरूनच निघा.

सुरुवातीचा टप्पा ठीक आहे. उंच सरळ सुगी वृक्षांची (हे जपानी देवदार) सावली, ओली माती, मध्ये मध्ये अंतराचे जुने दगड. वाटेत हिदेयोशीच्या मूळ सोहळ्याची सपाटी लागते, यारी-यामा. एक फलक आणि झाडांनी वेढलेली मोकळी जागा, एवढंच. तेराशे माणसं, रेशीम, सोनं, चहाचे मांडव, यातलं तिथे काही उरलेलं नाही. मला ती जागा आवडली. ज्यांना फक्त इतिहासाची ओढ आहे त्यांनी इथून परत फिरावं, काही गमावणार नाहीत.

त्यापुढे फुदोचा छोटा धबधबा. फुदो म्हणजे बौद्ध धर्मातला रक्षक देव अचल. आणि धबधब्यानंतर ती चढण, जिच्याबद्दल मी इतकं लिहितेय. पायऱ्या आहेत, पण त्या पायऱ्या म्हणायच्या का हा प्रश्न पडतो. काही दगडी, काही माती अडवायला आडवे टाकलेले लाकडी ओंडके, एकीची उंची घोट्याइतकी तर पुढची थेट गुडघ्याजवळ. एक लय सापडतच नाही. पर्वतीच्या पायऱ्यांवर दम लागला तरी पाऊल कुठे पडणार ते माहीत असतं. इथे प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं. रात्री पाऊस झाला होता, ओंडक्यांवर शेवाळ होतं आणि त्यावर सुगीच्या वाळक्या काड्या. एका ओंडक्यावरून ताईचा डावा पाय सटकला, तिने हात टेकला, तळहात खरचटला. हाड शाबूत राहिलं हे नशीब. ‘‘अगं, मी बसते इथे, तुम्ही जाऊन या,’’ म्हणाली. पण एकटं बसायला तिथे धड जागाही नव्हती, आणि मला तिला सोडून जायचं नव्हतं. दहा पावलं चाला, थांबा, पाणी प्या, असं करत आम्हाला वर पोचायला एक तास पंचवीस मिनिटं लागली. सत्तरीतले दोन जपानी आजोबा मात्र कमरेला घंटा बांधून, काठी टेकत आमच्यापुढे निघून गेले.

वर फुलं नव्हती. मुख्य दृश्य सुगीच्या अरण्याचंच. खायला काहीच मिळत नाही, हे पुन्हा लिहिते: काहीच नाही. आमच्याकडे दशम्या आणि डिंकाचे लाडू होते म्हणून निभावलं.

आणि तरीही वर एक गोष्ट मिळाली जी मी विसरणार नाही. दाईगो-सुई, म्हणजे दाईगोचं पाणी. कथा अशी सांगतात की संस्थापक शोबो डोंगरावर आला तेव्हा एक म्हातारा झऱ्याचं पाणी पिऊन ‘अहाहा, हीच दाईगोची चव’ म्हणाला, आणि तेच नाव पडलं. दाईगो हा शब्द बौद्ध ग्रंथांतून चीनमार्गे जपानला गेला. मूळ संस्कृत शब्द सर्पिर्मंड. दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप, आणि त्या तुपाचंही जे सार ते सर्पिर्मंड. आजच्या जपानीत ‘दाईगोमी’ म्हणजे एखाद्या गोष्टीची खरी गोडी. डोंगराच्या माथ्यावर, खरचटलेला हात धुताना ताईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘म्हणजे आपण तुपाच्या गावाला आलो.’’ पाणी थंडगार आहे, जिभेवर मऊ लागतं. दोन बाटल्या भरून घेतल्या.

शेजारीच जुंतेई कान्नोनच्या देवळाची जागा आहे. कान्नोन म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर; जुंतेई हे त्याचं एक रूप, म्हणजे चुंदी देवी. सायगोकू या तेहतीस कान्नोन-देवळांच्या यात्रेतलं हे अकरावं स्थान. २००८ च्या ऑगस्टमध्ये वीज पडून ते देऊळ जळालं. यात्रेकरूंना वहीतला शिक्का आता खालच्या कान्नोन-दोत मिळतो, तरी काही जण वर येऊन त्या रिकाम्या जागेसमोर मंत्र म्हणतात. आणखी वर ११२१ चं याकुशी-दो, म्हणजे औषधी बुद्धाचं देऊळ आहे, तिथवर नवरा एकटा जाऊन आला. आम्ही दोघी बसून राहिलो.

उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला. गुडघे लटपटत होते. खाली पोचलो तेव्हा मिरवणूक कोन्दोशी, म्हणजे मुख्य देवळाशी पोचून संपत आली होती. गर्दीच्या डोक्यांवरून एक लाल छत्री आणि कुणाचा तरी सोनेरी टोप दिसला. वर्षभर आखलेल्या दिवसाचं एवढंच हाती लागलं. ताईने एका शब्दाने तक्रार केली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

म्हणून स्पष्ट सांगते. मिरवणुकीच्या दिवशी वर जाऊ नका. जायचंच तर वेगळा अर्धा दिवस काढा आणि नऊच्या सुमाराला न्योनिन-दोशी उभे राहा. दुपारी ३ नंतर वर सोडत नाहीत. सह्याद्रीत दोनचार गड केलेल्याला चढ जमेल. गुडघे दुखणाऱ्याने यारी-यामाच्या पुढे जाऊ नये. बुटांची पकड चांगली हवी, काठी हवी, आणि रात्री पाऊस झाला असेल तर बेत रद्द करा. खालचं आवार बिनधास्त करा: ९५१ चा पाच मजली पॅगोडा ही क्योटोतली सगळ्यात जुनी लाकडी इमारत आहे, आणि तिथे पोचायला एकही अवघड पायरी नाही.

पोचायचं कसं? क्योटो स्टेशनवरून जेआर रेल्वेने एक स्थानक, यामाशिना. तिथून तोझाई मेट्रोने दाईगो. पुढे पंधरा मिनिटं चाल. एकूणच वसंतात शक्य तिथे रेल्वे धरा. सिटी बसचं भाडं आम्ही होतो तेव्हा सरसकट २३० येन होतं, मागच्या दारातून चढायचं आणि पुढे उतरताना पैसे टाकायचे. पण कियोमिझू मंदिराकडच्या बसमध्ये आम्ही पाऊण तास एका पायावर होतो. नुसता बसचा दिवसभराचा पास आता बंद झालाय. मेट्रो आणि बसचा एकत्र पास ११०० येनचा, दिवसात पाच-सहा प्रवास असतील तरच घ्या.

दुसरा राग भाड्याच्या किमोनोचा. दुकानाबाहेर पाटी ३३०० येनची होती. आत गेल्यावर ‘या किमतीत’ दाखवलेले किमोनो विटलेले, बरे हवेत तर दीड हजार जास्त. मग केसांचे वेगळे, गळ्याच्या लेसचे वेगळे, पिशवीचे वेगळे, सहानंतर परत केलं तर त्याचे वेगळे. अंगावर कपडे चढलेले असताना प्रत्येक गोष्ट विचारतात, तेव्हा नाही म्हणणं जड जातं. माझे ८७५० झाले. अंगाला हात लावू देण्याआधी ‘झेनबु दे इकुरा देस् का’, म्हणजे सगळं मिळून किती, असं विचारा आणि आकडा कागदावर लिहून घ्या. आणि त्या सपाता घालून सान्नेनझाकाच्या दगडी पायऱ्या उतरू नका. गिओन या गेशांच्या जुन्या वस्तीतल्या खासगी गल्ल्या पाहुण्यांना २०२४ पासून बंद आहेत, दहा हजार येन दंडाची पाटी आहे. मैको, म्हणजे शिकाऊ गेशा, दिसल्या म्हणून फोन घेऊन मागे धावणारे लोक बघून मलाच लाज वाटली.

नारा, फुशिमी, तत्त्वज्ञाचा रस्ता, सगळं छान झालं. मियाको ओदोरी मात्र चुकवू नका. गिओनच्या गेको (क्योटोत गेशांना असंच म्हणतात) आणि मैकोंचा हा नाच १८७२ पासूनचा आहे, पूर्ण एप्रिल महिना चालतो, तासाभराचा असतो. पडदा उघडण्याआधी अंधारातून ‘योई यासा’ अशी एका सुरातली हाक येते आणि दोन्ही बाजूंच्या वाटांवरून निळ्या किमोनोतल्या मुली येतात. अंगावर काटा आला. तिकीट आधी काढा.

आणि माझ्यासारखीच एप्रिलच्या मध्याची तिकिटं ज्यांनी काढून ठेवली आहेत, त्यांनी निन्ना-जीला जा. आम्ही सोमवारी गेलो, दाईगोचं दुःख घेऊन. इथली ओमुरो चेरी क्योटोत जवळपास शेवटी फुलते, आणि झाडं माणसाच्या उंचीहून थोडीच मोठी, दोन-तीन मीटरची. जपानीत ‘हाना’ म्हणजे फूलही आणि नाकही. त्यामुळे ‘हाना’ खाली असलं, म्हणजे फूल जमिनीलगत किंवा नाक बसकं असलं, तरी लोकांना आवडते ती ओमुरो, अशी तिथली जुनी कोटी आहे. देवळासमोरच ओमुरो-निन्ना-जी हे रांदेन ट्रामचं स्थानक आहे, बस लागत नाही. उघडायच्या वेळी पोचा, दहानंतर वाट मुंगीच्या चालीने सरकते. फांद्या जमिनीपासूनच सुटतात, त्यामुळे मान वर करावी लागत नाही, फुलं थेट डोळ्यांसमोर येतात. पट्टी बांधलेला हात मागे धरून ताई एका झाडाशी उभी राहिली. पाकळ्यांच्या कडेला किंचित हिरवट झाक होती, आत दवाचा थेंब होता. मागे दिसणारा पॅगोडा, फलक, फोटो काढणारी गर्दी, कशाकडेही तिने पाहिलं नाही. अर्ध्या तासाने मी हाक मारली तेव्हा म्हणाली, ‘‘थांब गं, अजून हीच फांदी व्हायचीय माझी.’’