मेगा ड्राइव्हचे खरे चित्र
सेगाचा १९८८ चा मेगा ड्राइव्ह हा व्हिडिओ गेम कन्सोल टीव्हीला पिवळ्या पिनेच्या केबलने जोडला की चित्र गढूळ दिसते, पण त्याचा दोष यंत्राला देणे मला अन्यायाचे वाटते. या पिवळ्या, म्हणजे कॉम्पोझिट, केबलमध्ये उजेड आणि रंग एकाच तारेत मिसळतात, तर याच यंत्रातून लाल, हिरवा व निळा असे वेगळे संकेतही बाहेर पडतात. म्हणून आधी हे तीन रंग वेगवेगळ्या तारांनी टीव्हीपर्यंत नेणारी आरजीबी स्कार्ट केबल घ्यावी. शिवाय अनेक नवे टीव्ही २४० ओळींचे चित्र ४८० ओळींचे इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळी आलटूनपालटून दाखवणारे, समजतात आणि हलत्या आकृतींच्या कडा विस्कटतात. ओएसएससीसारखे, जुन्या यंत्राचे चित्र नव्या टीव्हीसाठी बदलून देणारे उपकरण प्रत्येक ओळ दोनदा काढून हे टाळते. मात्र काही खेळांतले धबधबे उभ्या रेघांनी रंगवलेले आहेत, आणि कॉम्पोझिटमध्ये एकजीव होणाऱ्या त्या रेघा आरजीबीत सुट्या दिसतात. तेवढ्यासाठी मी पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि पिवळी केबल जपून ठेवली आहे.