विक्रांत 1:350 : डेक उखडला, बेत बदलला

मंडळी, जुन्या आयएनएस विक्रांत या विमानवाहू जहाजाचं 1:350 मापाचं मॉडेल करतेय. आता डेकवरच्या (विमानं उतरतात त्या वरच्या सपाट भागावरच्या) पांढऱ्या रेघा आखायला घेते, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. रेघा राहू द्या, डेकच काढून ठेवावा लागलाय.

स्टायरीनच्या (प्लास्टिकच्या) शीटचे दोन थर चिकटवून केलेला तो 1.5 मिलिमीटरचा डेक तुम्हाला आठवत असेल. काचेवर वजनाखाली ठेवला होता, तेव्हा अगदी सपाट होता. हलवर (जहाजाच्या खालच्या अंगावर) बसवून प्रायमर मारला, तरी ठीक होता. मग पुढचं टोक हळूहळू वर यायला लागलं. आता व्हर्नियरवर ते 4 मिलिमीटर भरतं, म्हणजे खऱ्या जहाजावर जवळजवळ 1.4 मीटर. मी करतेय 1971ची विक्रांत. सी हॅरियर विमानांसाठीचा स्की-जंप, म्हणजे पुढच्या टोकाचा चढ, तिला 1980च्या दशकात बसला. माझ्या मॉडेलला तो आधीच मिळाला आणि तोही फुकटात.

कारण सॉल्व्हंट. टामियाची एक्स्ट्रा थिन (हिरव्या झाकणाची), प्लास्टिक विरघळवून जोडणारी ही सिमेंट लहान जोडांना अमृत आहे, याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण 61 सेंटिमीटर लांबीच्या दोन शीट्सच्या मध्ये ती शिरली की मधल्या भागातला द्राव बाहेर पडायला वाटच उरत नाही. तो आठवडेच्या आठवडे आत राहून प्लास्टिक मऊ करतो आणि कडेने आधी सुकतो, त्यामुळे शीट ओढली जाते. त्यात विक्रांतच्या डेकला विमानं वर-खाली नेणाऱ्या दोन लिफ्टची भोकं. पुढच्या लिफ्टपाशी डेक आधीच कमजोर, बाक नेमका तिथूनच सुरू झालाय.

हे सगळं मोजायला आबांचं फीलर गेज वापरलं, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा. ज्यांनी आधीच्या नोंदी वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी: आबा म्हणजे माझे आजोबा, विक्रांतच्या इंजिन विभागातले, चीफ होऊन निवृत्त झालेले, आणि हे मॉडेल ज्यांच्यासाठी चाललंय ते. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या पेटीतलं बरंचसं काकाकडे गेलं, फीलर गेज मी मागून घेतलं. पात्यांवरचे आकडे पुसट झालेत, पण माझ्या कुठल्याही नव्या हत्यारापेक्षा ते भरवशाचं आहे. शाळेत असताना मी त्यांना सायकलची चेन 'थोडी सैल आहे' म्हणून सांगायला गेले, तर म्हणाले, "थोडी म्हणजे किती? अंदाज नको, आकडा आण." म्हणून तुमच्यासाठीही आकडा: मागच्या लिफ्टच्या कडेला 0.35 मिलिमीटरची पाती जाते, पुढच्या लिफ्टच्या कडेला 0.9 आरामात. त्यापुढे पात्या संपतात.

वाचवायचे प्रयत्न झाले. गरम पाण्याचा शेक, उलट्या बाजूने बाक देऊन बांधणं, खालून पितळी पट्टी. शेकाने टोक बसलं, तर मधला भाग फुगला. पट्टीने मधला भाग बसला, तर डेक पिळला गेला. पितळी पट्टी ज्यांच्याकडून मागवली त्यांच्याबद्दल एवढंच म्हणते की 'सरळ पट्टी' म्हणून त्यांनी जे पाठवलं ते आधी मलाच सरळ करावं लागलं. बाहेरून मागवलेल्या मालावर कस्टमची ड्युटी भरून वर हे. आपल्या पुण्यातल्या बोहरी आळीत उभं राहून डोळ्यासमोर धरून पट्टी घेतलेली बरी.

शेवटी उपाय सापडला तो नेमप्लेट बनवणाऱ्याच्या दुकानात. त्याच्याकडून 2 मिलिमीटर अॅक्रिलिकचा डेक लेझरने कापून घेतला, लिफ्टच्या भोकांसकट. अॅक्रिलिक कास्ट घ्या, एक्स्ट्रूडेड नको. कापलेल्या कडांना अल्कोहोल लावू नका, बारीक तडे जातात. त्यावर 0.5चं स्टायरीन, तेही पातळ दुतर्फी टेपने, सॉल्व्हंटचा थेंबही नाही. दोन्ही प्लास्टिकं उष्णतेने जवळपास सारखीच वाढतात, त्यामुळे एप्रिलमधल्या पुण्यातही एकमेकांना ओढणार नाहीत. जाडी जास्त झाली हे खरं, पण कड खालून तासली की बाहेरून कळत नाही.

काल रात्री काचेवर ठेवून सगळीकडून तपासलं. 0.15ची पाती कुठेच जाईना. मी एकटीच टेबलाभोवती फेऱ्या मारत होते.

आता हा डेक हलला चिकटवायचा नाही, हे नक्की. फ्रेमवर 5 मिलिमीटरचे निओडिमियम चुंबक आणि डेकच्या खाली दाढीच्या ब्लेडचे तुकडे, असं बसवलंय. टक् करून बसतो, नखाने उचलला की सुटतो. डेक असा उचलून हातात धरला आणि आत रिकामा हल दिसला, तेव्हा सगळा बेत फिरला.

विक्रांतचा कुठलाही फोटो घ्या, दिसतो तो डेक. सी हॉक आणि अलिझे विमानं, त्यांना झटका देऊन उडवणारा कॅटापल्ट, डेकवरचा मनोरा म्हणजे आयलंड. आपण मॉडेलवालेही तेच करतो. आबा त्या डेकवर किती उभे राहिले असतील? त्यांची विक्रांत खाली होती. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर शिकून ते बेलफास्टला गेले, जहाज ताब्यात घ्यायला. 4 मार्च 1961ला विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते जहाज नौदलात दाखल झालं, त्या दिवसाबद्दल आबांची आठवण एकच: थंडी इतकी होती, की सगळे समारंभ संपायची वाट बघत होते. बॉयलर रूममध्ये परत जायला. त्याच वर्षी मेमध्ये लेफ्टनंट ताहिलियानींनी (पुढे नौदलप्रमुख झाले ते) पहिलं जेट डेकवर उतरवलं, तेही आबांनी पाहिलं नाही, आवाज मात्र ऐकला. नंतर तसले आवाजही कमीच ऐकू येऊ लागले. टर्बाइनने कान घेतले होते, आणि आमच्या घरातला टीव्ही कोपऱ्यावरच्या वाण्यालाही ऐकू जायचा.

विक्रांत मुंबईत संग्रहालय होती तेव्हा त्यांनी मला नेलं होतं. दाखवणारा माणूस गर्दीला सांगत होता की इथला कॅटापल्ट वाफेवर चालायचा. मागून आबा, त्यांच्या नेहमीच्या आवाजात: "आणि ती वाफ काय आभाळातून यायची?" सगळे वळून बघायला लागले. मला तेव्हा लाज वाटली होती. आता वाटतं, त्या जहाजावरचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच होतं.

1971चं युद्ध घ्या. चारपैकी एका बॉयलरच्या ड्रमला तडा होता. विमान उडवायला डेकवरून वारा वाहावा लागतो, आणि वारा पडलेला असेल तर तो जहाजाच्या वेगातूनच काढायचा. तीन बॉयलरवर वेग कमी, म्हणजे वारा कमी. तरीही 4 डिसेंबरला सी हॉक पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर हल्ल्याला गेले. आबा हे सांगताना विमानांचं नावही घेत नसत. "चार चुलींची पंगत तीन चुलींवर उठवली," एवढंच म्हणायचे, आणि मग बहुधा आजीकडे चहा मागायचे.

तर नवा बेत असा होता की डेक उचलला की आत आबांचे बॉयलर दिसतील. लिहितानाच लक्षात आलं की दिसणार नाहीत. डेकखाली हँगर (विमानं ठेवायची जागा) आहे, बॉयलर त्याच्याही खाली. वरून बघणाऱ्याला हँगरची फरशी दिसेल. म्हणजे खिडकी बाजूने कापायला हवी.

इथे जहाजाची रचनाच मदतीला येते. या वर्गात यंत्रं तिरकस मांडलेली होती: दोन बॉयलर आणि एक टर्बाइन उजव्या बाजूला पुढे, तसाच दुसरा संच डाव्या बाजूला मागे. एकाच टॉर्पेडोने दोन्ही जाऊ नयेत म्हणून. आयलंड आणि फनेलही (धुराडंही) उजवीकडेच. म्हणजे उजव्या बाजूने कापलं तर पुढचा संच आणि वर फनेलकडे जाणारे धुराचे मार्ग एका नजरेत येतात. आबा कुठल्या संचावर होते? काका ठामपणे 'पुढच्या' म्हणतो. आजी म्हणाली, "मला कशाला विचारतेस, मला त्या डांगरीवरचे तेलाचे डाग तेवढे माहीत." काकाचं मत ग्राह्य धरतेय, कारण ते सोयीचं आहे.

त्यामुळे अलिझेंचे पंख दुमडायचं काम सध्या बाजूला. हलच्या उजव्या बाजूचं पॅनलिंग, ज्याचं तुम्ही कौतुक केलंत, त्यातलं हातभर नाही तरी वीतभर जाणार. हळहळ आहे. पण डाव्या बाजूला तेच काम शाबूत आहे, जहाज फिरवून बघा.

बॉयलर तीन ड्रमवाले अॅडमिरल्टी पद्धतीचे: वर एक ड्रम, खाली दोन, मध्ये नळ्यांच्या तिरक्या ओळी. ड्रमला स्टायरीनची नळी पुरेल. भट्टीत नारिंगी एलईडी लावायचा मोह झाला होता. पण तेलावरच्या बॉयलरची भट्टी बंद असते, ज्योत छोट्या काचेतून बघायची. उघड्या भट्टीचा बॉयलर बघून आबांनी काय विचारलं असतं ते मला तंतोतंत ऐकू येतं. तेव्हा एलईडी असलाच तर त्या काचेइतका, टाचणीच्या डोक्याएवढा.

अडलंय ते नळ्यांवर. 0.3ची तांब्याची तार सरळ राहते, पण एवढ्या ओळी एका कोनात बसवायला जिग (तारा जागेवर धरणारा साचा) लागेल. ताणलेला स्प्रू (किटच्या चौकटीचं प्लास्टिक गरम करून ओढलेली तार) स्वस्त, पण उन्हाळ्यात वाकतो, आणि वाकण्याचं माझं यंदाचं पोट भरलंय. ज्यांनी या मापात नळ्यांच्या ओळी केल्या असतील त्यांनी जिगचा फोटो टाका. पेन्सिलची रेघ हलवर मारून झालीये, करवत रविवारी लावतेय.